यंत्राला लहान-मोठे कळत नाही

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. हे वाक्य गेल्या वर्षभरात मी नात्यातल्या, गावातल्या आणि ब्लॉगवरच्या इतक्या जणांकडून ऐकले की एकदा त्याला सविस्तर उत्तर देऊन टाकावे असे ठरवले. वाक्य असे: "दोन आकड्यांतला मोठा कोणता, यात शिकवण्यासारखे आहे काय?"

आहे. पुष्कळ आहे. आणि ते नीट शिकवले जात नाही, म्हणून हा लेख. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्या शेलूबाजारातून आता दहावीनंतर बरीच मुले-मुली डिप्लोमाला जातात. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमात मायक्रोकंट्रोलर हा विषय असतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा, शेतातल्या मोटारीचा नव्या पद्धतीचा ऑटो, अशा वस्तूंच्या पोटात हा बसलेला असतो. शिकवायला बहुधा ८०५१ नावाचा घेतात. इंटेल कंपनीने तो १९८० साली काढला. चाळीस पायांची काळी गोम असावी तसा दिसतो. मूळ चिपमध्ये कामापुरती स्मृती अवघी १२८ बाइट. एक बाइट म्हणजे आठ घरे, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. आठ घरांत ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात, त्याच्या पलीकडे नाही. या चिपला काम सांगायचे तर तिला कळणाऱ्या मोजक्या आज्ञांतच सांगावे लागते. त्या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा लिहायच्या, तिला असेंब्ली भाषा म्हणतात.

आता कुणी म्हणेल, मराठी माध्यमातून बीए झालेल्या मास्तराचा याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. संबंध असा की आमच्या आळीतली एक मुलगी, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची लेक, प्रात्यक्षिकाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, पाठ केलं तं येते. पण आकडे बदलले का उत्तर काहून चुकते, ते कोणीच सांगत नाही."

वहीत नेहमीचा प्रयोग होता: दहा आकड्यांतला सर्वांत मोठा शोधा. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम. पोरगी झोपेतूनही म्हणून दाखवील इतका पाठ. १२, ४५, ७, ९० असे आकडे घातले की बरोबर ९० काढून देतो. हिने काय केले, तर थंडीच्या दिवसांतले तापमान समजून उणे एक, उणे पाच आणि तीन असे आकडे घातले. चिपने उत्तर दिले, सर्वांत मोठा उणे एक! कॉलेजात विचारले तर सांगण्यात आले, "परीक्षेत उणे आकडे येत नाहीत. तू धन आकडेच घे." कॉलेज कोणते ते मी सांगणार नाही. सांगण्यात अर्थही नाही, कारण हे उत्तर एका कॉलेजचे नाही, ती आपल्याकडची रीत आहे.

माझे भांडण इथून सुरू होते. "उणे आकडे येत नाहीत" हे उत्तर मास्तरकीला लाज आणणारे आहे. पोरीने प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधून काढले होते. विज्ञानाच्या वर्गात याहून चांगले काही घडू शकते काय? आणि तिला काय मिळाले, तर गप्प बसण्याचा सल्ला.

आता मुळात काय घडते ते बघू. घाबरू नका, पाचवीच्या वजाबाकीपलीकडे काहीही नाही.

चिपला मोठे-लहान कळत नाही. आपण ५ आणि ९ कडे बघतो आणि ९ मोठा म्हणतो, तसे 'बघणे' तिच्याकडे नाही. तिला वजाबाकी येते. ५ मधून ९ वजा करायला सांगितले की ती उजवीकडून एकेक घर वजा करत जाते आणि शेवटी डावीकडे आली की तिला कळते, आता उसना हातचा घेतल्याशिवाय भागत नाही. हा हातचा लागला याची नोंद ती एका वेगळ्या घरात करून ठेवते. त्या घराला कॅरी फ्लॅग म्हणतात. हातचा लागला म्हणजे पहिला आकडा लहान. नाही लागला म्हणजे पहिला आकडा मोठा किंवा दोघे सारखे. संपले! तुलना म्हणजे वजाबाकी करायची, बाकी फेकून द्यायची आणि फक्त हातच्याची नोंद वाचायची.

८०५१ मध्ये 'सीजेएनई' अशी एक आज्ञा आहे. तिचा अर्थ, दोन आकडे ताडून पाहा आणि सारखे नसतील तर अमुक ओळीवर उडी मार. ही आज्ञा जाता जाता पहिला आकडा लहान असेल तर कॅरी फ्लॅगमध्ये १ ठेवते. मुलांना बहुतेक वेळा उडीचाच भाग पाठ असतो, फ्लॅगचा भाग "तसं लिहायचं असते" म्हणून येतो. दुसरी आज्ञा 'एसयूबीबी', म्हणजे वजाबाकी, पण आधीचा हातचा धरून. ८०५१ मध्ये साधी, हातच्याविना वजाबाकी नाहीच. म्हणून तिच्याआधी कॅरी पुसून घ्यावा लागतो. वर्गात आधीच्या तासाचे गणित फळ्यावर राहिले आणि पुढच्या मास्तराने ते न पुसता आपले मांडले तर जे होईल तेच इथे होते. 'सीएलआर सी' ही ओळ त्या पुसण्यासाठी असते. पोरे ती ओळ लिहितात. का लिहितात ते विचारा बरे एकदा.

आता 'मोठा' आणि 'मोठा किंवा सारखा' यातला फरक. किरकोळ वाटतो ना? पासाची रेघ ३५ गुणांची धरा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने "३५ पेक्षा मोठा असेल तर पास" असे लिहिले की बरोबर ३५ मिळवणारे पोर नापास झाले. चिपची चूक नाही, तिने सांगितले ते केले. मी आयुष्यभर ३५ वर अडकलेली पोरे पाहिली आहेत, त्यांच्या बापांची तोंडे पाहिली आहेत. त्यामुळे "बरोबर सारखे असले तर काय?" हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटलेला नाही.

आता त्या पोरीचे कोडे. उणे एक मोठा कसा झाला?

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा आठवा. चार चाकांवर अंक. ०००० वर असताना उलटे फिरवले तर ९९९९ येतो. म्हणजे त्या चाकांच्या जगात 'शून्याच्या एक मागे' याचे लिखाण ९९९९. चिपमध्येही तसेच. आठ घरांत शून्याच्या एक मागे गेले की आठही घरांत एक-एक येतो, ११११११११. हाच आकडा तुम्ही धन म्हणून वाचला तर २५५, आणि उण्याची सोय धरून वाचला तर उणे १. आठ घरांतले लिखाण तेच, वाचायची रीत वेगळी. आणि कोणत्या रीतीने वाचायचे ते त्या आठ घरांत कुठेही लिहिलेले नसते! ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. कॅरी फ्लॅग पाहून केलेली तुलना सगळे आकडे धन धरते. म्हणून २५५ मोठा, म्हणून उणे एक मोठा. उणे पाच म्हणजे २५१, तो त्याच्या खालोखाल, आणि बिचारा तीन सर्वांत शेवटी.

मग उण्यांची तुलना करायची कशी? एक युक्ती त्या पोरीला सांगितली ती तुम्हालाही सांगतो. दोन्ही आकड्यांत १२८ मिळवा आणि मग खुशाल धन समजून ताडा. आठ घरांत उणे १२८ ते अधिक १२७ असे आकडे बसतात. सगळ्यांत १२८ मिळवले की सर्वांत लहान उणे १२८ चा शून्य होतो आणि सर्वांत मोठ्या १२७ चा २५५. रांग तशीच राहते, फक्त सगळी रांग वर सरकते. उणे एकचा १२७ होतो, तीनचा १३१. झाला की नाही तीन मोठा! चिपच्या भाषेत १२८ मिळवणे म्हणजे सर्वांत डावीकडचे घर उलटवणे, तेवढी एक आज्ञा पुरते. पोरगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एवढंच होतं काय सर?" हो, एवढेच होते. पण ते कुणीतरी सांगायला हवे होते.

पुस्तकातला दुसरा मार्गही आहे. वजाबाकी करून उत्तराचे डावे घर पाहायचे, तिथे १ असेल तर उत्तर उणे, म्हणजे पहिला लहान. पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. १०० आणि उणे १०० घ्या. शंभरातून उणे शंभर गेले की व्हायला हवेत २००. ते १२७ च्या पलीकडचे असल्यामुळे उण्याच्या रीतीत मावत नाहीत आणि उणे ५६ असे दिसतात. म्हणजे शंभर हा उणे शंभरापेक्षा लहान! म्हणून चिपने ओव्हरफ्लो नावाचा आणखी एक फ्लॅग ठेवला आहे, "उत्तर भांड्याबाहेर सांडले" असे सांगणारा. सांडले असेल तर डाव्या घराचा अर्थ उलटा घ्यायचा. यातले काहीही अवघड नाही. फक्त पाठ करून येत नाही.

"पण सर, हे सगळे वहीतले खेळ झाले," असे एकाने मला ऐकवले. ठीक. वहीबाहेर जाऊ.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंश ठेवायचे असते. कावीळ-बीची किंवा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस गोठली की वाया जाते. समजा, एखाद्या पोराने प्रकल्प म्हणून असा फ्रीज सांभाळणारी चिप तयार केली. नियम सोपा: ८ च्या वर गेले तर कॉम्प्रेसर चालू, २ च्या खाली आले तर बंद. महिनाभर सुरळीत चालेल. एके दिवशी बर्फाच्या कडेला पारा शून्याखाली एक अंश घसरला, की चिपला दिसणार २५५ अंश! २५५ हे ८ पेक्षा मोठे, कॉम्प्रेसर चालू. आणखी थंड झाले, २५४ दिसले, तरी चालूच. जितके गारठेल तितका फ्रीज जोमाने गारठवणार. बाटली गोठून पुन्हा वितळली तर दुसऱ्या दिवशी ती देणाऱ्याला वरवर बघून काही कळेलच असे नाही. असे कुठे घडले असा माझा दावा नाही. पण "परीक्षेत उणे आकडे येत नाहीत" असे शिकलेला मुलगा हा प्रोग्रॅम असाच लिहील, हा मात्र माझा दावा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या शेताचे. थ्री फेज मोटारीचे व्होल्टेज साधारण ४१५. व्होल्टेज फार पडले तर मोटार बंद करायची, नाहीतर जळते. आता ४१५ हा आकडा आठ घरांत मावतच नाही. २५६ चे एक माप बाहेर सांडते आणि आत उरतात १५९. चिपला वाटते व्होल्टेज १५९, मोटार काही सुरू होत नाही. रात्री बाराला लाइन येते, शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला जाऊन बसतो, तारेत करंट असतो आणि ऑटो म्हणतो करंट कमी. याला उपाय, आकड्यासाठी आठाऐवजी सोळा घरे घ्यायची, म्हणजे दोन बाइट. आणि दोन बाइट आले की एक नवीनच प्रश्न उभा राहतो: तुलना कोणत्या टोकाकडून सुरू करायची?

इथे मला माझे दुसरीचे वर्ग आठवतात. ३९ मोठे की ४१? काही पोरे हटकून ३९ म्हणत, कारण "नऊ मोठा ना गुरुजी!" ती चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत. चिपमध्ये ५११ आणि ५१२ ताडताना हुबेहूब हेच होते. ५११ चा वरचा बाइट १ आणि खालचा २५५. ५१२ चा वरचा २ आणि खालचा शून्य. खालच्या बाइटवरून निकाल दिलात की ५११ मोठा ठरला. म्हणून एकतर वरचा बाइट आधी ताडा आणि ते सारखे निघाले तरच खालच्याकडे या. नाहीतर खालून वजाबाकी सुरू करा, पण हातचा वरच्या बाइटात नेऊन निकाल शेवटच्या हातच्यावर द्या. दोन्ही रीती बरोबर आहेत. अर्धी ही, अर्धी ती, असे केले की घोटाळा.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवते? डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यांचे म्हणणे होते की आपण लिहितो आधी दशक आणि बोलतो आधी एकक, शिवाय जोडाक्षरे, त्यात लहान मुलांचा गोंधळ होतो. लोकांनी विनोद केले, भाषा बुडाली म्हणून गळे काढले. बावीस-तेवीसचा गोडवा मला मराठीचा शिक्षक म्हणून कमी प्यारा नाही. पण त्या वादात मूळ प्रश्नाकडे फार थोड्यांनी पाहिले: संख्या कोणत्या टोकाकडून वाचायची, आणि ते पोराच्या ध्यानात कसे आणायचे? दुसरीत जो प्रश्न टाळला तोच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला सोळा घरांचे रूप घेऊन परत येतो.

आणि प्रश्न आजचा नाही. मराठी शिकवणाऱ्यांना 'यमाताराजभानसलगा' माहीत आहेच. लघु आणि गुरू, दोनच खुणा. तीन-तीन अक्षरांचे गट घेतले की आठ गण पडतात, म्हणजे तीन घरांत शून्य-एकाच्या आठ मांडण्या. पिंगलाच्या छंदःशास्त्रात या मांडण्यांचा ओळीने प्रस्तार आहे: म, य, र, स, त, ज, भ, न. गुरूला शून्य आणि लघूला एक म्हणा आणि बघा. पहिले अक्षर सर्वांत भराभर बदलते, म्हणजे तिथे एकक डावीकडे आहे! 'य' गण म्हणजे लघु-गुरु-गुरु. पिंगलाच्या रांगेत त्याची किंमत एक. आपल्या आजच्या अंकांसारखे डावे घर मोठे धरले तर त्याचीच किंमत चार. खुणा त्याच, किंमत चौपट. तेव्हा कोणत्या टोकाला मोठी किंमत, हे आधी ठरवून सांगितल्याशिवाय दोन आकडे ताडता येत नाहीत, हे छंद शिकवणाऱ्याला पटायला जड जाऊ नये.

(लगेच कुणी "पाहा, संगणकाचा शोध आपणच लावला" असा फॉरवर्ड मला पाठवू नये, ही नम्र विनंती. पिंगलाचा मला अभिमान आहे. पण त्या अभिमानाने त्या पोरीचा प्रोग्रॅम चालला नाही. तो चालला १२८ मिळवल्यावर.)

आता विरोधी पक्षाकडे वळतो.

आमचा पुण्याचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, "मामा, तुम्ही अजून असेंब्लीत कुठे अडकलात? सी भाषेत एक ओळ लिहायची, हा त्याच्यापेक्षा मोठा असेल तर. बाकी कंपायलर बघतो." बरे. मग सी भाषेत उण्याची सोय असलेला उणे एक आणि उण्याची सोय नसलेला एक, हे दोन पूर्णांक ताडून पाहा. सी भाषा उणे एकला आधी धन करून घेते, तो प्रचंड मोठा होतो आणि 'उणे एक मोठा' असाच निकाल येतो. त्या पोरीचे कोडे जसेच्या तसे, फक्त कपडे बदललेले! इतकेच नाही, सी मधला साधा 'कॅर' प्रकार उण्याची सोय असलेला धरायचा की नसलेला, हे भाषेने कंपायलर करणाऱ्यावर सोडले आहे. तोच प्रोग्रॅम एका कंपायलरवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरू शकतो. ज्याने एकदा कॅरी आणि ओव्हरफ्लो हाताने सोडवले आहेत त्याला हे कुठे शोधायचे ते कळते. बाकीचे नशिबाला बोल लावतात.

दुसरा पक्ष म्हणतो, आता एआय प्रोग्रॅम लिहून देते. देते, मी पाहिले आहे. त्या मुलीने मोबाईलवर माझ्यासमोर लिहून घेतला. छान, नीटनेटका, वर टिपाही. पण तुमच्या फ्रीजचा पारा शून्याखाली जातो की नाही, तुमची चिप कोणती, हातच्याचा अर्थ तिथे काय, हे आपण सांगितले नाही तर ते गृहीत धरणार. आणि गृहीत धरलेले बरोबर की चूक, हे तपासणार कोण? ज्याला तुलना म्हणजे वजाबाकी हे माहीत आहे तोच. बरे, चिपा तरी सगळ्या सारख्या कुठे आहेत! ८०५१ मध्ये वजाबाकीला हातचा लागला की कॅरी १ होतो. पीआयसी जातीच्या चिपमध्ये नेमके उलटे, हातचा लागला की कॅरी ०. नाव तेच, अर्थ उलटा. अर्डुइनो ऊनोवरच्या एव्हीआर चिपमध्ये मात्र तुलनेनंतर उडी मारायच्या आज्ञाच वेगवेगळ्या आहेत, धन आकड्यांसाठी एक आणि उण्यांची सोय धरून एक. तिथे तुम्हाला आधी ठरवावेच लागते. (मास्तरांच्या दृष्टीने ही चिप मला सर्वांत प्रामाणिक वाटते.)

ही चूक फक्त आपल्या डिप्लोमाच्या पोरांचीच आहे असेही नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. एक मोठा आकडा सोळा घरांत, उण्याची सोय धरून, कोंबायला गेले आणि तो मावला नाही. मावतो का हे आधी ताडून पाहण्याची सोय त्या आकड्यापुरती गाळली होती. एक तुलना गाळली! आणि पुढचा घाट तर तारखेनिशी समोर आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस घरांत, उण्याची सोय धरून मोजणाऱ्या यंत्रांची घरे १९ जानेवारी २०३८ ला भरतील आणि पुढचा सेकंद उणे दिसेल. त्या दिवशी 'ही तारीख आधीची की नंतरची' ही तुलना अशा यंत्रांत उलटी लागेल. आज डिप्लोमाला असलेली मुले तेव्हा ऐन तिशीत असतील. जुनी यंत्रे दुरुस्त करायला त्यांनाच बोलावणार आहेत. त्यांना आपण काय सांगून पाठवणार, उणे आकडे येत नाहीत?

तिसरा पक्ष सर्वांत सभ्य आणि माझ्या मते सर्वांत घातक. ते म्हणतात, "खेड्यातल्या पोरांना हे झेपत नाही, पास होऊ द्या." झेपत नाही? ज्या पोरांना वजाबाकीतला हातचा कळतो, कट्टीचे पोते आणि सुटा माल यांचे वजन तोंडी जमवता येते, बाजारात काट्यावर उभे राहून ज्यांना सांगता येते की टोपल्याचे वजन आधी उडवले की नाही, त्यांना एक हातचा आणि एक सांडलेले भांडे समजणार नाही? त्यांना समजत नाही ती 'बॉरो', 'कॅरी', 'टूज कॉम्प्लिमेंट' ही अर्थ न सांगता डोक्यावर ओतलेली नावे. नावे इंग्रजीच राहू द्या, माझी हरकत नाही, पुढे पुस्तके तीच वाचायची आहेत. पण अर्थ मराठीत सांगा. आधी हातचा म्हणा, मग त्याला तिकडे कॅरी म्हणतात असे सांगा. क्रम उलटा केलात की पोर नाव पाठ करते आणि अर्थ सोडून देते.

नुसते भांडून बसायची सवय नाही म्हणून मागण्याही लिहितो. पहिली, संगणकाला हात लावण्याआधी आठ घरांची वजाबाकी वहीत, पेन्सिलने, किमान पंचवीस वेळा करून घ्या. दुसरी, परीक्षेत "प्रोग्रॅम लिहा" हा प्रश्न खुशाल ठेवा, पण त्याला जोडून विचारा, "हा प्रोग्रॅम कोणत्या आकड्यांवर चुकेल?" पाच जोड्या द्या: दोन्ही सारखे, ० आणि २५५, १२७ आणि १२८, १०० आणि उणे १००, ५११ आणि ५१२. या पाच जोड्यांचे उत्तर ज्याला कारणासह देता आले त्याला तुलना आली, मग प्रोग्रॅममध्ये स्वल्पविराम चुकला तरी गुण द्या. तिसरी, 'सर्वांत मोठा शोधा' मध्ये सुरुवातीला सर्वांत मोठा म्हणून शून्य धरायची सवय मोडा. सगळे आकडे उणे असले आणि उण्यांची तुलना अगदी बरोबर लिहिली, तरी हा शून्य जिंकतो, आणि तो तर यादीत नव्हताच! यादीतलाच पहिला आकडा धरून सुरुवात करावी. शर्यतीत न उतरलेल्याला बक्षीस देऊ नये, इतके साधे आहे.

आणि शेवटची मागणी मास्तरांकडे. पोराने प्रोग्रॅम मोडून आणला तर रागावू नका, त्याला पुढच्या बाकावर बसवा. उत्तर ठाऊक नसेल तर "उद्या पाहून सांगतो" म्हणा आणि खरोखर पाहून सांगा. त्याने मान जात नाही, वाढते.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा येऊन सांगत होती, वर्गातल्या चौघींना तिने १२८ ची युक्ती शिकवली, आणि त्यातल्या एकीने विचारले, "सोळा घरं असली तं किती मिळवायचे?" उत्तर तुम्हीच काढा. कंपायलर नको, एआय नको, वही-पेन्सिल घ्या. आलेले उत्तर आणि माझ्याशी भांडायचे मुद्दे, दोन्ही कळवा.